नळाला लगाम

दिवाळी म्हटली की आमच्यासारख्या नोकरदार माणसाच्या डोळ्यांसमोर पहिल्याने जर काही उभे राहत असेल, तर ते अभ्यंगस्नान. फराळ त्यानंतर, फटाके त्यानंतर, आणि दिवाळी अंक तर दुपारी जेवून लवंडल्यावर. आधी पहाटेचे तेल, उटणे आणि डोक्यावरून घळघळा ओतलेले कढत पाणी. माझ्या लहानपणी भोसरीच्या दोन खोल्यांच्या घरात हे पाणी आदल्या रात्रीच भरून ठेवावे लागे. वडिलांची कारखान्यात तिसरी पाळी असे. आई पहाटे चारला उठून सामाईक नळाखाली हंडा लावी. त्या नळाची धार करंगळीएवढी. एक हंडा भरेपर्यंत चाळीतल्या दोन-तीन सासवांची उणीदुणी सहज बोलून होत. पाण्याला जोर असतो, तो जोर मोजता येतो, आणि वेळप्रसंगी तो भरल्या घरात पूर आणू शकतो, हे त्या धारेकडे पाहून कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

माझ्याही आले नाही. आणि त्याचे प्रायश्चित्त माझ्याऐवजी दुसऱ्याच कोणाला तरी भोगावे लागले. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. प्रयोग म्हटला की मला कर्तरी, कर्मणी आणि भावे एवढेच ठाऊक. प्रयोगशाळेची पायरी मी शाळा सुटल्यापासून चढलेलो नाही. राहतो पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम अंगाला, वाकडच्या पलीकडे, एका २२ मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. ज्यांनी हा मुलूख तीस-चाळीस वर्षांपूर्वी पाहिला असेल, त्यांना तो आज ओळखू येणार नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, त्यामागून यंत्रांचे आणि मोटारींचे कारखाने आले, १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. कारखानदारीचा पट्टा पुढे चाकणपर्यंत जाऊन पोचला. आधी कामगारांच्या चाळी, मग प्राधिकरणातली टुमदार घरे, मग चार मजली इमारती, आणि आता पुनावळे, रावेत, मोशी, जिकडे पाहावे तिकडे वीस-पंचवीस मजल्यांचे मनोरे! आडवे वाढणारे शहर उभे वाढू लागले. माणसे उंच गेली, त्यांच्यामागून पाणीही उंच गेले. पण उंच गेलेले पाणी खाली येताना काय करते, याचा विचार आम्हा भाडेकरूंनी किंवा मालकांनी कधी केला होता?

गेल्या वर्षीची धनत्रयोदशी. साताऱ्याहून मेव्हणे सहकुटुंब यायचे होते. आणि आठवड्यापासून आमच्या नळाचे पाणी बारीक झालेले. दिवाळीची साफसफाई म्हणून सोसायटीने गच्चीवरची टाकी धुऊन घेतली, त्यानंतरच हे सुरू झाले. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे माझ्या मराठी डोक्यात आले नाही. सौभाग्यवतींनी मात्र सकाळीच बजावले, "अहो, उद्या नरकचतुर्दशी. माझ्या दादाला काय झारीनं आंघोळ घालायची?"

इमारतीतली नळाची कामे करणाऱ्या मुलाला बोलावून आणले. त्याने जिन्याजवळच्या डक्टचे दार उघडले. आत उभ्या-आडव्या नळांचे जंगल. त्यात मुठीएवढे एक पितळी बोंड, वर एक स्क्रू.

"सर, हा पी.आर.व्ही. यानंच पाणी दाबून धरलंय. सोडू का जरा?"

"सोड की!"

"पण हा एकट्या तुमचा नाही. खालच्या चारी मजल्यांना जोर वाढेल."

"वाढू दे," मी म्हणालो, "दिवाळी आहे!"

त्याने पाच-सहा पेच आवळले. मी घरात येऊन नळ सोडला. धार थोडी दमदार झाल्यासारखी वाटली. मुलाच्या हातावर दिवाळी म्हणून शंभराची नोट ठेवली आणि घरात मी कर्तबगार ठरलो. संसारात असे क्षण वारंवार येत नाहीत.

पहाटे तीनच्या सुमारास दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकांची नात दारात उभी. परकर पोटऱ्यांपर्यंत भिजलेला. "काका, लवकर चला. आजी पडली."

खाली जाऊन पाहतो तो घरात घोटाभर पाणी. बेसिनखालची तारेच्या जाळीची नळी फुटून पाण्याचा फवारा समोरच्या भिंतीवर आदळत होता. काका अंधारात चाचपडत मुख्य तोटी बंद करत होते. चिवड्याचे नि शंकरपाळ्यांचे डबे हॉलभर तरंगत होते. गॅलरीत नातीने आठ दिवस खपून केलेला किल्ला विरघळून त्याचा लाल चिखल झाला होता आणि शिवाजी महाराजांचे सिंहासन मोरीच्या तोंडाशी अडकले होते. आवाजाने दचकून उठलेल्या काकू दिवा लावायला म्हणून धावल्या, त्या ओल्या फरशीवरून घसरल्या. उजवा हात टेकला, मनगट मोडले.

त्यांना दवाखान्यात नेऊन, हात प्लास्टरमध्ये घालून परत येईपर्यंत चांगले उजाडले. त्या दिवशी दोन्ही घरांत अभ्यंगस्नान झाले नाही.

हे काका म्हणजे भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. तीस-पस्तीस वर्षे वाफेच्या आणि दाबलेल्या हवेच्या नळ्यांशी झगडलेला माणूस. घर आवरून झाल्यावर त्यांनी माळ्यावरून आपली हत्यारांची पेटी काढली, तीतून घड्याळासारखी तबकडी असलेले एक दाबमापक काढले आणि धुण्याच्या यंत्राच्या तोटीला आट्यावर बसवले. तोटी उघडताच काटा सरसर वर चढला आणि साडेपाचाच्या आकड्यावर थांबला.

"इथं दोन पाहिजे," ते स्वतःशीच पुटपुटले. "साडेपाच कुठून आले?"

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. वाचकहो, मी काही बोललो नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही बोललो नाही. काकूंच्या गळ्यात अडकवलेला तो पांढरा हात पाहिला की शब्द घशात अडकत. पाडव्याला मात्र राहवेना. सकाळीच खाली गेलो आणि सगळे सांगून टाकले: मेव्हणे, पाच-सहा पेच, शंभराची नोट.

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझी नळीही जुनीच होती सर. तारा गंजल्या होत्या. दोन वर्षांमागं बदलायला हवी होती, ते माझ्यानं झालं नाही. तिचा दोष तिला, माझा मला, तुमचा तुम्हाला." आणि थोड्या वेळाने, "चला, काय केलंत ते तरी तुम्हाला दाखवतो."

त्या दिवशी डक्टच्या दारात उभे राहून मी जे शिकलो, ते शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या तासाला मला कोणी शिकवले असेल तर मी झोपेत होतो, एवढेच म्हणतो.

पाण्याचा दाब टाकीच्या आकारावर नसतो, तो उंचीवर असतो. ही पहिली गोष्ट. माझी आजवर समजूत अशी की, गच्चीवरची टाकी एवढी अगडबंब, म्हणून पाण्याला जोर. काकांनी ती मोडीत काढली. टाकीच्या जागी पिंप ठेवा नाहीतर तळे ठेवा, पाण्याच्या पातळीपासून तोटी किती खाली आहे एवढेच बघायचे. दर १० मीटर खोलीला दर चौरस सेंटिमीटरमागे १ किलो दाब. नळवाले याला नुसते 'किलो' म्हणतात. मजला साधारण ३ मीटरांचा. आमच्या घरापासून गच्चीच्या टाकीपर्यंत सुमारे ६० मीटर. म्हणजे दाब ६ किलो. करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर ६ किलोंचे वजन! मोटारीच्या चाकात हवा भरतात ती सव्वादोन किलोंच्या आसपास. त्याच्या अडीचपट जोराने पाणी आमच्या बेसिनखाली रात्रंदिवस दबा धरून बसलेले असते.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पास्कल नावाचा पंडित होऊन गेला, त्याने हे तत्त्व मांडले. एका भरलेल्या पिंपाच्या झाकणात त्याने उंच, बारीक नळी खोचली, तीत पेला-दोन पेले पाणी ओतले, आणि पिंपाच्या फळ्या उकलल्या, अशी एक गोष्ट त्याच्या नावावर सांगतात. खरी असो वा नसो, पिंपाची ही गोष्ट पिंपरीकरांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

प्राधिकरणातल्या बैठ्या घराला हा प्रश्न कधीच पडला नाही. तिथे टाकी स्लॅबवर, तोटी तीन-चार मीटर खाली, दाब अर्ध्या किलोच्याही आत. आमच्या २२ व्या मजल्याचीही उलटीच तक्रार. टाकी त्यांच्या डोक्यावरच, म्हणून तिथे पंप लावून दाब वाढवावा लागतो. एकाच नळाचे पाणी. वरच्याला पुरत नाही, खालच्याला सोसत नाही. मधला उपाय म्हणजे ते पितळी बोंड. पी.आर.व्ही., म्हणजे दाब उतरवणारी झडप.

तिची रचना ऐकून माझी तर करमणूकच झाली. आत एक रबरी पडदा. पडद्याच्या वर स्प्रिंग, खाली पाणी. स्प्रिंग पडद्याला खाली रेटून पाण्याची वाट उघडायला बघते. झडप ओलांडून घराकडे गेलेले पाणी पडद्याला वर रेटून ती वाट बंद करायला बघते. घरात कोणी नळ सोडला की घराकडचा दाब किंचित उतरतो, स्प्रिंगची सरशी होते, वाट उघडते. नळ बंद झाला की दाब चढतो, पडदा वर उचलला जातो, वाट मिटते. वरचा स्क्रू म्हणजे स्प्रिंगची ताकद ठरवण्याची खुंटी. दोन किलोंवर लावली की अलीकडे ६ असोत की ७, पलीकडे २ च.

"साधा चौकीदार येणाराकडं बघतो," काका म्हणाले. "याची नजर गेलेल्याकडं असते. घरात किती पोचलंय ते बघून हा दार उघडतो नि लावतो."

मी आपले शहाणपण पाजळले. "मग अर्धी तोटी बंद केली तरी तेच नाही का? बेसिनखालचा कॉक मी नेहमी अर्धाच उघडा ठेवतो."

काका हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच. "तिथंच तर सगळे फसतात. अर्धी तोटी पाणी वाहत असेल तोवरच जोर कमी करते. पाणी थांबलं की अर्ध्या वाटेनं का होईना, पलीकडं पूर्ण सहा किलो जाऊन बसतात. फट केवढी का असेना, दाबाला काय त्याचं!"

आणि इथेच त्या रात्रीचा उलगडा झाला. दिवसा चारी मजल्यांवर कोणाचा ना कोणाचा नळ चालू असतो. पाणी वाहते, वाहताना घासते, दाब उतरलेला राहतो. पहाटे तीनला सगळी इमारत झोपलेली. एकही नळ चालू नाही. अशा वेळी झडपेवर जो आकडा लावलेला असेल, तेवढा दाब प्रत्येक घरातल्या प्रत्येक नळीत जाऊन उभा राहतो. म्हणून नळ्या फुटतात त्या बहुधा रात्री, किंवा आपण गावाला गेलेले असताना. यात दैवाचा खेळ फारसा नाही.

पण खरी नामुष्की पुढेच होती. काकांनी झडपेच्या अलीकडचा कॉक बंद केला आणि तिच्या पोटाखालचे एक टोपण पान्याने फिरवून काढले. आतून बोटभर लांबीची एक जाळी निघाली. गाळाने, गंजाच्या पापुद्र्यांनी आणि चुन्याच्या खड्यांनी गच्च भरलेली. टाकी धुतली तेव्हा तळाचा गाळ ढवळून नळात उतरला, तो सगळा या जाळीत येऊन बसला होता. काकांनी जाळी माझ्या हातात दिली, एक जुना दातघासणीचा ब्रश दिला, आणि पाडव्याच्या मुहूर्तावर मी ती मोरीत बसून घासली. जाळी परत बसवली, स्क्रू सैल करून काटा दोनवर आणला, आणि वर येऊन नळ सोडला. धार अशी भरभरून आली की सौभाग्यवती स्वयंपाकघरातून डोकावल्या.

थोडक्यात सांगायचे तर आमच्या नळाला दाब कमी नव्हताच. वाट बुजली होती. वाट मोकळी करण्याऐवजी मी दाब वाढवला होता. दिवसा धार बारीकच राहिली आणि रात्री दाब तिपटीच्या घरात गेला. दाब आणि प्रवाह या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपण मराठी माणसे दोहोंनाही 'फोर्स' म्हणतो, आणि तो एक शब्द आम्हाला किती महागात पडला ते वर सांगितलेच आहे.

काकांकडे मग मी अधूनमधून बसू लागलो. त्यांच्याकडून कळले की, भिंतीतला नळ सहसा फुटत नाही. सी.पी.व्ही.सी.चा चांगला नळ थंड पाण्याचे २० किलोंवर दाब सोसतो. तोच गीझरच्या पाण्याने ८० अंशांपर्यंत तापला की मात्र त्याची ताकद पाव हिश्शावर येते. फुटतात त्या नळ्यांच्या जोडण्या, बेसिनखालच्या जाळीच्या नळ्या, संडासाच्या टाकीतला तरंगता गोळा, तोट्यांचे वायसर. गीझरवरच्या पाटीवर त्याला सोसणारा दाब लिहिलेला असतो, कुठे साडेसहा, कुठे आठ. खालच्या मजल्यावरच्या माणसाने विकत घेताना ती पाटी वाचावी. पाणी शुद्ध करणाऱ्या काही यंत्रांना तर २ किलोंच्या वर दाब चालतच नाही; म्हणून ती बसवणारा माणूस पांढऱ्या प्लॅस्टिकची एक चिमुकली झडप जोडून जातो. ती त्याच कुळातली.

भिंतीत रात्री 'धाड्' असा आवाज येतो, तो भुताचा नव्हे, हेही कळले. नळात पाणी धावत असते. एका दांडीची नवी तोटी आपण खटकन मिटतो, किंवा धुण्याचे यंत्र आपली वाट एकदम बंद करते. धावते पाणी जागच्या जागी आदळते. रशियात झुकोव्स्की या शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या नळांवर प्रयोग करून १८९८ साली याचे गणित मांडले. लोखंडी नळात सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी एकाएकी अडवले, तर क्षणभर १२-१३ किलोंचा दाब उसळतो. प्लॅस्टिकच्या नळात तो पुष्कळ कमी, पण रोज उठून बसणारे ते घण जोड खिळखिळे करतातच. मूळचा दाब बेताचा असला की पाण्याचा वेगही बेताचा, आणि घणही हलका.

आणि मग एक दिवस मला विजापूर आठवले. आमच्या महाविद्यालयाची सहल तिकडे गेली होती. गोल घुमटात आरोळ्या ठोकून झाल्यावर मुलांना मी गावातले चौकोनी, दगडी मनोरे दाखवले होते, आणि 'ह्या जुन्या पाण्याच्या टाक्या' असे ठोकून दिले होते. तिथे त्यांना 'गंज' म्हणतात. महंमद आदिलशहाने १६५१ साली शहराच्या दक्षिणेला बेगम तलाव बांधला आणि त्याचे पाणी मातीच्या नळांनी, त्यांवर बांधकामाचे कवच चढवून, शहरात आणले. मातीच्या नळाला दाब सोसवेना. म्हणून वाटेत ठिकठिकाणी हे मनोरे. पाणी नळातून मनोऱ्यात वर चढायचे, उघड्यावर यायचे, वाऱ्याला लागले की त्याचा दाब तिथेच सरायचा, गाळ तळाशी बसायचा, आणि निवळलेले पाणी नव्याने पुढचा प्रवास सुरू करायचे. म्हणजे आमच्या डक्टमधले पितळी बोंड आणि त्याची जाळी, दोन्ही कामे एकाच मनोऱ्यात! पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजहून आणलेल्या नळावरचे उच्छ्वास याच बिरादरीतले. कोंडलेली हवा सोडणे आणि गाळ बसवणे हे त्यांचे काम. डोंगराळ गावांच्या आजच्या पाणीयोजनांतही उतारावर मध्येच एक उघडी टाकी बांधून दाब मोडतात. हे काकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "त्या लोकांना स्प्रिंग मिळाली नाही, म्हणून दगड रचले. डोकं तेच." विद्यार्थ्यांना दिलेली चुकीची माहिती मी पुढच्या तासाला दुरुस्त केली. मुलांना अर्थात काहीच आठवत नव्हते.

दिवाळीनंतर सोसायटीची सभा झाली. विषय: खालच्या बारा मजल्यांच्या दाबाच्या झडपा वर्षातून दोनदा उघडून साफ करणे, जुन्या झालेल्या बदलणे, प्रत्येकीच्या पलीकडे एक दाबमापक कायमचे बसवणे. खर्च फार नव्हता, पण तत्त्वाचा प्रश्न निघाला की मराठी माणूस रात्रभर जागा राहू शकतो. अठराव्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठले. "आमच्याकडे ही झडप नाहीच. मग आम्ही का भरायचे?"

खाली बसूनच काका बोलले, "लिफ्टचं बिल आम्ही दुसऱ्या मजल्यावरचे भरतोच की, साहेब. आणि तुमच्या पंपाचंही."

सभेत हशा पिकला, पण गृहस्थांचे पुरते समाधान झाले नाही. तेव्हा मी उठलो. माझा गुन्हा एव्हाना इमारतभर झाला होता, त्यामुळे लपवायचे काही उरले नव्हते. मी म्हणालो, पाण्याचा हिशेब तर सगळ्यांचा एक आहे? आपल्या शहरात पवना धरणाचे पाणी रावेतला उचलून निगडीला शुद्ध होते आणि मग वाटले जाते. २०१९ च्या नोव्हेंबरात महापालिकेने ते दिवसाआड केले. उन्हाळ्यात टँकरचे पैसे पहिला मजला नि बाविसावा मजला सारखेच भरतो. छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नियम टॉरिचेल्ली या इटालियन पंडिताने १६४४ साली छापून ठेवला आहे. त्याप्रमाणे दाब चौथा हिस्सा केला की प्रवाह निम्मा होतो. दाढी करताना, भांडी विसळताना सोडून दिलेला खालच्या मजल्यावरचा नळ, ठिबकणारी तोटी, गळका फ्लश, या सगळ्यांना तो नियम लागू. (बादली भरायला काही फरक पडत नाही, बादली ती बादलीच, हे मी प्रामाणिकपणे सांगितले, त्यावरून एका भगिनींनी 'मग आम्ही बादलीच वापरतो' असे सुनावले, तेही बरोबरच.)

ठराव मंजूर झाला. मात्र माझे एक कोडे कोणी सोडवले नाही, ते इथे नोंदवून ठेवतो. जमिनीखालच्या टाकीतले सगळेच्या सगळे पाणी वीज जाळून आपण २२ मजले वर चढवतो, आणि त्यातले निम्म्याहून अधिक पाणी खाली उतरवताना त्याचा जोर पैसे खर्चून मारतो. खालच्या मजल्यांसाठी मधल्या उंचीवर निराळी टाकी का नसावी? काका म्हणतात, बांधणाराने तेव्हा जागा विकली, टाकी कोण ठेवणार!

पुढे एक रात्रही काकांनी माझ्याकडून जागवून घेतली. झडप वरकरणी ठीक दिसते, पण तिच्या बैठकीवर वाळूचा एक कण अडकला तरी ती पुरती मिटत नाही. दिवसा काटा दोनवर, आणि रात्री वाहते पाणी थांबले की हळूहळू वर सरकत साडेतीन, चार. दिवसा पाहणाराला हे कधीच कळणार नाही. म्हणून काटा पाहायचा तो निजानीज झाल्यावर. तसले दाबमापक काही शे रुपयांत हत्यारांच्या दुकानात मिळते, धुण्याच्या यंत्राच्या तोटीला हाताने बसते. आमच्याकडे आता डक्टच्या दाराला दोरीने एक वही बांधली आहे. पहिल्या चार मजल्यांचा रात्रीचा आकडा दर रविवारी मी लिहितो. ठरवून कोणी हे काम माझ्यावर सोपवले नाही. नाही म्हणायला तोंड नव्हते.

यंदाची दिवाळी आली आहे. नातीने किल्ला बांधला, तो या वेळी दोन पाटांवर. काकूंचे मनगट जुळले, पण पुरते वळत नाही. जेवण करतात, लिहितात, फक्त सोऱ्या फिरवता येत नाही. त्यामुळे काल संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात चकलीची भाजणी मळून तयार झाल्यावर वरून मला हाक आली. तीन किलो चकल्या मी पाडल्या. पहिल्या घाण्याचे काटे मोडले.

"पीठ घट्ट झालंय," मी म्हणालो.

"पीठ नाही घट्ट," काकू म्हणाल्या. "जाळी बघा आधी. मागचं पीठ अडकलं असेल."